पाच-सात वर्षं

मखमलाबाद, नाशिक
१८ नोव्हेंबर १९९९

भाग्यश्री,

धाकट्या बहिणीला पत्र लिहिताना वर आशीर्वाद लिहायचा असतो. तो मी लिहीत नाही. माझ्या खोलीतून निघालेल्या आशीर्वादालाही वास येतो असं तुम्हा दोघांना वाटायचं. दिवाळसणाला आलात तेव्हा ज्ञानेश उंबऱ्यातच थांबला आणि त्यानं खिशातून रुमाल काढला, ते मला दिसलं. डावा डोळा अधू आहे माझा. उजवा चांगला आहे.

त्याची बायको होते तेव्हा अकरा वर्षांत मी त्याचं नाव घेतलं नाही. हर्षालीचे पप्पा म्हणायचे. आता कोर्टाचा कागद झाला, तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा झाला, त्यामुळे नाव घ्यायला मोकळी आहे. तर ज्ञानेशचा दिवाळसण आपल्या घरात दुसऱ्यांदा झाला. अठ्ठ्याऐंशी साली तो ज्या भिंतीला टेकून बसला होता त्याच भिंतीला परवा टेकून बसला. तेव्हा आईनं त्याला अंगठी घातली होती, यंदा सफारीचं कापड दिलं. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. जावईबापूंना अनारसे जरा कडक लागतात, असं आई तुला समजावून सांगत होती. तिला ते कुठून कळलं? मीच सांगितलं होतं, अकरा वर्षांपूर्वी. मला इतकी मळमळ सुटली की उशाची वाटी घेऊन बसले.

इथं काय चाललंय ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. त्र्यंबक रस्त्याला कोणी एक वैद्य आहे, त्याच्याकडून आई घोरपडीचं तेल घेऊन आली आहे. काळं, चिकट, कुजलेल्या मासळीसारखं. रोज सकाळी ते माझ्या पायांना चोळते. पायांना बधिरपणा आहे, नाकाला नाही. शेजारच्या सिंधुबाई येऊन बसतात आणि आईकडे बघत विचारतात, "डॉक्टरनं पाच-सात वर्षं सांगितली व्हती ना? शहाण्णवला सांगितली. म्हंजी तीन झाली." बाळंतपणाचे महिने मोजावेत तसं मोजतात. त्यांच्या पाठोपाठ आणखी बायका येतात. कोणी केळी आणतात, कोणी नुसतंच बघायला येतात. मी अजून बोलते, हसते, पेपर वाचते, हे बघून त्यांचा थोडा हिरमोड होतो असं मला वाटतं.

तू मात्र एक शब्द बोलली नाहीस. तासभर होतीस. पाणी आणून ठेवलंस, चादरीचं टोक खोचलंस आणि बाहेर गेलीस. हर्षाली दारात उभी राहून मला म्हणाली, "आई, मी आत येऊ?" नऊ वर्षांच्या पोरीला आईजवळ यायला विचारावं लागतं, हे तिला वणीला कोणी शिकवलं? तू की त्यानं?

मी तुला काय कमी दिलं, भाग्या? मांडलेलं घर दिलं, निर्व्यसनी नवरा दिला, वणीला खताच्या दुकानाचा गल्ला दिला आणि पोटची पोर दिली. सातपूरच्या कंपनीतला तो शेखर अजून तुझ्या मनात असेल तर काढून टाक. भाड्याच्या एका खोलीत नेऊन ठेवलं असतं त्यानं तुला. मार्चमध्ये मी डॉक्टरांकडे जाऊन आले ते तुला माहीत आहे. त्यांनी नवीन काही सांगितलं नाही. जे आहे ते आहे. तेवढ्या दिवसांपुरतं तरी माझ्याशी नीट वाग.

हर्षालीला रात्री दही देऊ नकोस, घसा धरतो.

छाया


मखमलाबाद
२२ एप्रिल २००३

भाग्यश्री,

साडेतीन वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. परवा तुझ्या घरी जे झालं त्यानंतर गप्प बसवत नाही, म्हणून हे लिहिते. अक्षर लागत नसेल तर हर्षालीकडून वाचून घेऊ नकोस. स्वतः वाच.

आईनं शहाण्णव साली सप्तशृंगीला नवस बोलला होता हे मला ठाऊक नव्हतं. सात वर्षं काढू दे, पोरीला तुझ्या पायावर घालीन. सात वर्षं झाली, आता नवस फेडायला हवा. ऐन चैत्रात, त्या उन्हात. उन्हानं माझे पाय मेणासारखे होतात हे मी तिला शंभरदा सांगितलंय. अंग तापलं की उरलेलं बळही जातं, हा या रोगाचा धर्मच आहे. आई म्हणाली, "देवीच्या दारात नाय काय व्हत." अण्णांनी जीप ठरवली. त्यांनी आयुष्यभर फुलं पिकवली आणि बायकोचं ऐकलं.

चार जणांनी मला डोलीत घालून पायऱ्या चढवल्या. पुढचा मागच्याला म्हणाला, हलकी हाय, बरं झालं. डोलीला टेकून टेकून माझी पाठ ओली झाली होती, तोंडावर माशा बसत होत्या, हात उचलून त्या हाकलायचं बळ नव्हतं. उतरणारे लोक मला बघून बाजूला होत होते आणि हात जोडत होते. मला की देवीला, कोण जाणे. देवीसमोर मी काही मागितलं नाही. मला तिचाही राग आला होता. इतक्या लोकांच्या घामाच्या, खोबऱ्याच्या, ओल्या कुंकवाच्या वासात तिला कसं उभं राहवतं, असं वाटलं.

परतीच्या वाटेवर आईनं जीप वणीला तुझ्या दारात थांबवली. माझं लुगडं भिजलं होतं. घामानं नव्हे. जीपमध्येच झालं, नांदुरीच्या उतारावर, मला कळलंही नाही. ज्ञानेशनं ते बघितलं आणि दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून निघून गेला. तू मला धरून मोरीत नेलंस. पाटावर बसवलंस, लुगडं सोडलंस आणि अंघोळ घातलीस. पातेलं घासतात तशी घासलीस. रागही नाही, मायाही नाही. माझ्या मांड्यांना उठलेले चट्टे बघून तुझ्या तोंडावरची रेघ हलली नाही. तुझा चेहरा केवढा उतरलाय, भाग्या. अठ्ठावीस वर्षांची पोर, चाळिशीची दिसतेस. तुला मूल का नाही, असं वणीच्या बायका विचारतात म्हणे. आई म्हणाली, ज्ञानेशला आता दुसरं नको आहे, हर्षाली आहे ना, म्हणतो.

मग तू मला कोरडं केलंस, तुझी साडी नेसवलीस आणि निऱ्या खोचता खोचता खाली बघून विचारलंस, "अजून किती, ताई?"

साडीबद्दल विचारतेस असं क्षणभर वाटलं. मग कळलं.

मी म्हणाले, "दोन वर्षं." तू मान हलवलीस. गाडी उशिरा आहे असं कळल्यावर माणसं स्टँडवर जशी मान हलवतात, तशी. आणि चहा टाकायला गेलीस.

पोटच्या पोरीसारखं तुला मी वाढवलं. नऊ वर्षांचं अंतर आपल्यात. तुझं नाक पुसलं, तुझ्या उवा काढल्या. त्या बहिणीनं माझ्या मरणाची तारीख विचारावी! घरी येईपर्यंत आई म्हणत होती, देवीनं ऐकलं बरं, सात वर्षं काढली पोरीनं. मला तिची, तुझी, त्या डोलीवाल्यांची, सगळ्यांची शिसारी आली होती.

तुझी साडी धुऊन ठेवली आहे. कोणी येणार असेल तर पाठवते.

छाया


मखमलाबाद
३ जून २००६

भाग्यश्री,

अण्णांच्या वर्षश्राद्धाला तू येऊन गेलीस, त्यानंतर आपली गाठ नाही. हर्षालीला दहावीनंतर महिनाभर माझ्याकडे पाठवलंस त्याबद्दल आधी आभार मानते. आभार मानायचे म्हणून मानत नाही, खरंच मानते. पोर गुणी केली आहेस. माझी लघवीची पिशवी बदलते, नळी धुते, नाकाला पदर लावत नाही. मी म्हणाले, तुला घाण नाही वाटत? तर म्हणाली, "मावशीनं शिकवलं. ती म्हणते, घाण धुतली की संपते." तू तिला हे शिकवलंस हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी उलटंच समजत होते.

पण आता दुसरं ऐक. कॉलेजचे फॉर्म बघायला ती गंगापूर रोडला गेली होती, तिथं सायबर कॅफेत बसून तिनं माझ्या आजाराचं नाव टाकलं. मल्टिपल स्क्लेरॉसिस. अकरा पानं छापून आणली. संध्याकाळी माझ्या पायाशी बसून इंग्रजी वाचून मराठीत सांगत होती. या आजाराची माणसं इतरांपेक्षा सरासरी पाच-सात वर्षं कमी जगतात. बऱ्याच जणांना तेवढाही फरक पडत नाही. आजारानं थेट मरणारे थोडे. जंतुसंसर्ग, छाती भरणं, पाठीला जखमा होणं, याला जपलं तर माणूस म्हातारा होतो.

वाचता वाचता ती थांबली. म्हणाली, "पाच-सात वर्षं *कमी*, आई. पाच-सात वर्षं *उरली*, असं नाही."

मी म्हणाले, "डॉक्टर चुकले असतील तेव्हा. त्या काळात कुठे माहिती होती?"

तिनं ते पान पुन्हा वाचलं. हुशार आहे, ज्ञानेशवर गेली नाही. "म्हणजे तू मरणार नव्हतीसच?" असं तिनं विचारलं. मी म्हणाले, मला झोप येतेय, दिवा घालव.

तिनं ही गोष्ट तुला सांगण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहिते. मुंबईच्या डॉक्टरांनी शहाण्णव साली काय सांगितलं ते मी ऐकलंच नव्हतं. मी सलाईन लावून वॉर्डात पडले होते, ते बाहेर ज्ञानेशशी बोलले. त्यानं घरी येऊन आईला दोन शब्द सांगितले, पाच-सात वर्षं, आणि आईनं गळा काढला. मग सगळ्या गल्लीनं काढला. तेव्हा जे झालं ते ज्ञानेशच्या कानामुळे झालं. राग धरायचा तर त्याच्यावर धर. त्यानं निम्मं ऐकलं आणि निम्म्यावर आपलं दुसरं लग्न उरकलं.

आता तिच्या त्या अकरा पानांचं काय करायचं मला कळत नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.  चाळीस वर्षांची आहे मी, आणि अजून तीस वर्षं या खाटेवर, ही पिशवी, ही नळी, ही सिंधुबाई.

छाया


मखमलाबाद
१२ जानेवारी २००८

भाग्या,

हे पत्र लिहायला आठ दिवस लागले. हर्षालीनं मला पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. त्यानंतर ती स्वतः तुला सांगणार आहे. ती सतरा वर्षांची आहे आणि माझ्याशी वकिलासारखी बोलते. बरोबरच बोलते.

झालं असं. सुट्टीत इथं आली तेव्हा, नवीन डॉक्टरांकडे जायचं म्हणून तिनं माझे सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावले. त्यात गंगापूर रोडच्या त्या जुन्या डॉक्टरांचा केसपेपर निघाला. ८ मार्च १९९९. त्यावर त्यांनी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आहेत, की रुग्णाचा गैरसमज होता, रुग्णाला समजावलं, आयुर्मान जवळपास सर्वसाधारण. हर्षालीनं ते वाचलं. मग आपल्या घरातलं तुझ्या लग्नाचं कार्ड काढलं. १६ मे १९९९. दोन्ही कागद माझ्या मांडीवर ठेवले आणि समोर बसली.

मागच्या पत्रात मी ज्ञानेशच्या कानावर ढकललं. ते अर्धंच खरं आहे. पहिली तीन वर्षं मीही तेच मानत होते, की मी मरणार. म्हणून तर अण्णांकडे राहायला आले, घटस्फोटाच्या कागदावर सही केली आणि ज्ञानेशचं तुझ्याशी लावून द्या असं आईला मीच सुचवलं. मीच, भाग्या. तुला वाटतं आईनं. आईच्या डोक्यात ते मी घातलं. पण तोवर मी खोटं बोलत नव्हते.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये अण्णा मला रिक्षात घालून घेऊन गेले. ते बाहेर बाकावर बसले, मी एकटी आत गेले. डॉक्टर म्हातारे होते. मी म्हणाले, तीन वर्षं झाली, आता दोन-चारच उरली असतील, शेवटी फार दुखेल का? त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "कोणी सांगितलं तुम्हाला हे?" मी मुंबईचं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, ती काठी हातात यायला लागणारी वर्षं असतील. मरायची नाहीत. तुम्ही म्हाताऱ्या होणार. त्रास होईल, पण होणार."

मला काय वाटायला हवं होतं? हात जोडावेत, रडावं. मला ओकारी आली. खरंच आली, त्यांच्या बेसिनपर्यंत जाता आलं नाही. तीस वर्षं दिसली मला. तीस वर्षं ओली गादी, दुसऱ्याच्या हातचं धुणं, दारात रुमाल. मरणाऱ्या बाईचं घरात सगळे ऐकत होते. आई माझ्यासाठी तांदूळ निवडून घ्यायची, अण्णा माझ्या पायाशी बसायचे, ज्ञानेश मान खाली घालून उभा राहायचा. नुसत्या आजारी बाईचं कोण ऐकतं? तिला कोपऱ्यात ढकलतात आणि विसरतात. आणि सगळं ठरलं होतं, कार्डं छापायला गेली होती. मी बाहेर आले तर अण्णांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणाले, "तेच."

एवढा एकच शब्द. तिथं मी थांबले असते तरी कदाचित तोंड दाखवण्यासारखी राहिले असते. पण तिसऱ्या दिवशी तू आलीस.

तुला आठवत असेल. मी झेंडूच्या वाफ्याशी खुर्ची टाकून बसले होते. तू आईची नजर चुकवून आलीस, माझ्या पायाशी बसलीस आणि म्हणालीस, "ताई, तू फक्त नको म्हण. तू म्हणालीस तर आई ऐकेल. मी शेखरला शब्द दिलाय."

मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझे किती दिवस राहिलेत, भाग्या? पोरीला कोणाच्या पदरात टाकू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. सगळ्यात घाणेरडं तेच, की ते खरं होतं. तू ते बघितलंस आणि उठलीस. पुन्हा शेखरचं नाव तुझ्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

का केलं ते विचारशील. हर्षाली मी स्वतःला बरेच दिवस सांगत आले ते कारण मानायला तयार नाही. ते असं, की ज्ञानेश दुसरी करणारच होता, परकी आली असती तर पोर तुटली असती, तू असलीस तर ती माझीही राहील. हे खोटं नाही. पण पुरतं नाही. उरलेलं लिहायला हे आठ दिवस गेले. शेखरच्या स्कूटरवरून तू पाटाच्या पुलाशी उतरायचीस, घरापर्यंत चालत यायचीस. मी खिडकीतून बघायचे. चोवीस वर्षांची होतीस. पाय धड होते. येताना एकटीच हसायचीस. मला ते बघवत नव्हतं.

आणि नंतर तू वणीला माझं लुगडं धुतलंस, वर्षं विचारलीस, तेव्हाही मी दोन म्हणाले. तोंडाला येईल तो आकडा. तुझा राग करत घरी आले. तू मरण विचारलं नव्हतंस, भाग्या. सुटका कधी ते विचारलं होतंस. कारण तुला मीच सांगितलं होतं की हे थोड्या दिवसांचं आहे.

माझ्या शरीराची मला अकरा वर्षं घाण वाटत आली. ती बिचारी कातडी आणि नसा. त्यांनी काही केलं नव्हतं.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

छाया


मखमलाबाद
३ मार्च २००८

भाग्यश्री,

पुन्हा लिहू नकोस असं तू बजावून गेलीस. हे शेवटचं. आईच्या कामासाठी लिहिते.

तू त्या रविवारी आलीस ते मी कधी विसरणार नाही. एकटी, वणीच्या गाडीनं. आईला भाजी आणायला पाठवलंस आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलीस. मी काय काय तयारी केली होती. तू ओरडशील, कपाळ बडवून घेशील, मारशीलही असं वाटलं होतं. तू पत्राची घडी उघडलीस आणि एकच विचारलंस, "झेंडूच्या वाफ्याशी तुला ठाऊक होतं?"

मी हो म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

तू पत्राची घडी पुन्हा घातलीस. मग म्हणालीस, "मला तुझी किळस येते, ताई. तुझ्या लुगड्याची कधी आली नव्हती."

बारा वर्षांत माझ्याशी इतकं खरं कोणी बोललं नाही. मला वाटलं आता तू जाशील. पण तू उठलीस, उशी नीट केलीस, पाठ बघितलीस, कमरेजवळ लाल झालंय म्हणालीस, आणि दोन-दोन तासांनी कूस बदलायला आईला सांग असं सांगितलंस. दारातून मागे वळून म्हणालीस, "जखम होऊ देऊ नकोस. मी काय करते ते बघायला तू राहायला पाहिजेस."

तू काय केलंस ते मला हर्षालीकडून कळलं. त्याच आठवड्यात वणी सोडलंस, दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला लागलीस, दोन बायकांबरोबर खोली घेतलीस. ज्ञानेशनं विचारलं म्हणे, मग आता जेवणाचं कसं. हर्षाली हे सांगताना हसली आणि मग रडली. बारावीची परीक्षा झाली की ती तुझ्याकडे येणार म्हणते. माझ्याकडे नाही. 

आता आईचं. तिला मी परवा सांगितलं. सिंधुबाईही बसल्या होत्या, त्यांच्यादेखत मुद्दाम सांगितलं. म्हणाले, मी मरणार नाहीये. लवकर तर नाहीच. आणि हे मला भाग्याच्या लग्नाच्या आधी दोन महिने डॉक्टरांनी सांगितलं होतं. सिंधुबाई लगेच उठून गेल्या, गल्लीभर व्हायला तासही लागला नसेल. आई तिथंच बसून राहिली. तिला आधी पहिलंच वाक्य कळलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, देवीचं नाव घेतलं, साखर आणायला उठली. साखरेचा डबा हातात घेऊन परत दारात आली तेव्हा दुसरं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"मंग आपण तिचं लगीन का लावलं?" असं तिनं विचारलं.

 तिनं पुन्हा विचारलं. मग डबा खाली ठेवून भिंतीला धरून बसली. दोन दिवस झाले, माझी कूस बदलते, भात भरवते, सगळं करते, पण बोलत नाही. आज सकाळी शेजारच्या झुंबरला दिंडोरीच्या गाडीची वेळ विचारून आली. पातळ धुऊन वाळत घातलंय. तुझ्याकडे यायचंय तिला.

ती बुधवारी सकाळी निघेल, साडेदहापर्यंत पोचेल. तुला कामाची पाळी कुठली असते मला माहीत नाही, म्हणून हे लिहिते. सुट्टी घे, नाहीतर खोलीतल्या बायकांना सांगून ठेव. गुडघे दुखतात तिचे, जिना असेल तर खाली ये. ती तुझ्या पाया पडायला लागेल, पडू देऊ नकोस. तिला काही ठाऊक नव्हतं. जेवायला घाल आणि दोन दिवस ठेवून घे.

माझ्याकडे त्या दोन दिवसांत एक बाई येणार आहे, भागुबाई म्हणून. तिला कूस बदलायचं दाखवलं आहे.

छाया